सिलिंड्राइट: नोंद तिसरी

मागच्या नोंदीत ज्याची वाट पाहत असल्याचे लिहिले होते, तो सिलिंड्राइट या शिसे-कथिलाच्या खनिजाचा नमुना अखेर हाती आला आणि गेले तीन रविवार त्याच्यातच गेले. आपल्याकडच्या बेसाल्टच्या पोकळ्यांत स्टिल्बाइट आणि ॲपोफिलाइट हवे तेवढे सापडते, पण सल्फोसॉल्टच्या, म्हणजे धातू, गंधक आणि अँटिमनीसारखा अर्धधातू एकत्र असलेल्या खनिजांच्या, वाटेला जायचे तर नमुना विकतच घ्यावा लागतो.

दहा पट भिंगाखाली काळपट, शिशाच्या रंगाच्या, धातूसारखी चमक असलेल्या बारीक नळकांड्या दिसतात. त्यांतली एक आडवी मोडली आहे आणि तिच्या तोंडाशी, सुरळीची वडी कापल्यावर दिसावेत तसे एकावर एक गुंडाळलेले पापुद्रे स्पष्ट मोजता येतात. आउगुस्ट फ्रेंझेल यांनी १८९३ मध्ये या खनिजाचे वर्णन केले तेव्हा या आकारावरूनच त्याला नाव दिले. शिसे, कथिल, अँटिमनी, लोह आणि गंधक असे पाच घटक त्यात असून सूत्राप्रमाणे वजनाचा साधारण एकतृतीयांश भाग शिशाचा आणि पाव भाग कथिलाचा भरतो. म्हणून कस (खरखरीत टाइलवर घासल्यावर उमटणारी खनिजाच्या भुकटीची रेघ) काढल्यावर हात धुणे मी चुकवत नाही.

या गुंडाळीचे कारण संरचनेत आहे. सिलिंड्राइटमध्ये दोन प्रकारचे थर आलटून पालटून येतात: एकाची मांडणी जवळपास चौकोनी, गॅलेना या शिशाच्या सल्फाइडातल्यासारखी, तर दुसऱ्याची षट्कोनी, कथिल डायसल्फाइडसारखी. या दोन जाळ्यांची मापे एकमेकांशी पूर्णांकात कधीच जुळत नाहीत, त्यामुळे थर सपाट राहण्याऐवजी वळतो आणि वळतच जातो. त्याच वर्षी श्टेल्त्स्नर यांनी वर्णिलेले फ्रँकाइट हे याचे जवळचे भावंड. त्याचे स्फटिक वाकलेल्या पातळ पत्र्यांसारखे असतात, पण अशी पुरी सुरळी होत नाही. २०१७ मध्ये फ्रँकाइटचे थर चिकटपट्टीने सोलून काही नॅनोमीटर जाडीपर्यंत आणले गेले, तेव्हापासून संग्राहकांखेरीज पदार्थवैज्ञानिकांचेही या कुळाकडे लक्ष गेले आहे.

चाचण्यांसाठी मातृखडकापासून सुटलेला एक तुकडा वापरला. टाइलच्या बिनझिलईच्या बाजूवर कस काळा आला. कठिनता २.५ सांगितली जाते, म्हणजे जवळपास नखाइतकी. टाचणीने दाबल्यावर तुकड्याच्या कडेचा भुगा न होता पातळ पापुद्रा सुटला, आणि हे लक्षण मला रंगापेक्षा जास्त भरवशाचे वाटते.

विशिष्ट गुरुत्वाने, म्हणजे तुकडा तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या किती पट जड आहे या मोजमापाने, मात्र घाम काढला. काट्यावर पाण्याची वाटी ठेवून शून्य केले आणि ६.४८ ग्रॅमचा तुकडा दोऱ्याने पाण्यात अधांतरी सोडला, तर तुकड्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन, म्हणजे काट्यावरचा आकडा, १.२४ आला; ६.४८ ला त्याने भागून विशिष्ट गुरुत्व ५.२३. नोंदलेले मूल्य ५.४ च्या आसपास असल्याने आधी तुकड्यात स्फॅलेराइट हे हलके जस्त-खनिज मिसळले असावे असा संशय घेतला, पण भिंगातून पाहिल्यावर वेटोळ्यांच्या फटींत अडकलेले बुडबुडे दिसले. भांड्यांच्या साबणाचा एक थेंब घातलेल्या पाण्यात तुकडा रात्रभर ठेवून पुन्हा मोजले, तेव्हा १.२१ आणि त्यावरून ५.३६ मिळाले. माझा काटा ०.०१ ग्रॅमपर्यंतच वाचतो, त्यामुळे दुसरा दशांश फार गंभीरपणे घेऊ नये. तरी फ्रँकाइटचे ५.९ आणि गॅलेनाचे ७.५ इतके लांब आहेत की तुकडा त्यांपैकी नाही एवढे ठरते.

सिलिंड्राइटचे मूळ स्थान, म्हणजे जिथल्या नमुन्यावरून त्याचे पहिले वर्णन झाले ते ठिकाण, बोलिव्हियातील ओरुरो विभागात, पोओपो येथील सांता क्रूस खाण. तिथल्या कथिलयुक्त उष्णजलीय शिरांत ते फ्रँकाइट, कॅसिटेराइट, स्फॅलेराइट, गॅलेना आणि पायराइट यांच्या सोबतीने येते. माझ्या नमुन्यावर विक्रेत्याने फक्त ‘बोलिव्हिया’ लिहून पाठवले होते आणि विचारणा केल्यावर ‘बहुधा पोओपो’ असे उत्तर आले. चांगले नमुने बहुतेक तिथलेच असतात हे खरे, पण ‘बहुधा’वर खाणीचे नाव चढवणे मला पटत नाही. डबीवरच्या चिठ्ठीवर ‘सिलिंड्राइट, बोलिव्हिया’ एवढेच लिहिले असून खाणीची ओळ कोरी ठेवली आहे.