तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्या थंडीत योकमोकला कशासाठी?

फेब्रुवारी जवळ आला की हा प्रश्न मला हमखास येतो. कधी पुण्याहून फोनवर, कधी इथे स्टॉकहोममध्येच मराठी मैत्रिणींच्या हळदीकुंकवात. "उणे तीस अंशांत त्या सामी लोकांच्या बाजाराला कशाला जातेस? आणि मनगटावरच्या या चामड्याच्या पट्टीला एवढे पैसे मोजलेस?" दोन्हींचं उत्तर एकच आहे, म्हणून एकदा नीट लिहिते.

योकमोक हे स्वीडनच्या उत्तरेतलं, आर्क्टिक वृत्ताच्या जरासं पलीकडचं लहानसं गाव. फेब्रुवारीच्या पहिल्या गुरुवारी तिथे बाजार सुरू होतो, तो शनिवारपर्यंत चालतो. त्याची सुरुवात सामींनी, म्हणजे या उत्तरेकडच्या मूळ रहिवाशांनी, केलेली नाही. 1605 मध्ये राजा नववा कार्ल याने उत्तरेत ठरावीक जागी बाजार भरवायचं फर्मान काढलं. लोक एका ठिकाणी जमले की कर वसूल करता येतो, व्यापारावर नजर ठेवता येते आणि त्यांना चर्चमध्येही बसवता येतं. पुढे त्याच शतकात पाद्र्यांनी सामींचे पवित्र ढोल हिसकावून घेतले, कित्येक जाळून टाकले. ज्या बाजारात त्यांना हिशेबासाठी बोलावलं जायचं, तिथेच आज ते आपल्या हातचं काम आपण ठरवलेल्या किमतीला विकतात. मला तिथे ओढून नेतं ते हे.

मुख्य रस्त्यावर मोजे, मिठाई, टोप्या असं कुठल्याही जत्रेत मिळणारं बरंच काही असतं. तिथे फार रेंगाळू नये. खरं काम आतल्या दालनांत, आय्त्ते संग्रहालयात आणि सामी शिक्षण केंद्रात पाहायला मिळतं. या कामाला ते दुओजी म्हणतात. रेनडिअरचं चामडं, शिंग, भूर्जाचं लाकूड, झाडांची मुळं यांपासून केलेल्या रोजच्या वापराच्या वस्तू. केंद्रात तरुण मुलं हे काम रीतसर शिकतात.

आता त्या पट्टीबद्दल. तिच्यावर चमकते ती चांदी नव्हे, कथिलाची तार आहे. कथिलाची कांडी शिंगाच्या एका पट्टीतल्या भोकातून ओढायची, मग त्याहून लहान भोकातून, मग आणखी लहान, असं करत ती केसासारखी बारीक होईपर्यंत ओढत राहायचं. ती तार मग एका दोऱ्याभोवती गुंडाळतात. पूर्वी तो दोरा रेनडिअरच्या कंडरांपासून, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट तंतूंपासून, काढलेला असे. अशा तारांची वेणी घालून ती चामड्यावर शिवतात, आतून लोकरी कापडाचं अस्तर लावतात आणि बंद करायला शिंगाचं बटण. मी ज्या बाईंकडून घेतली त्यांनी पट्टी उलटी करून मला आतली शिवण दाखवली. टाके इतके एकसारखे, की बाजू सुलट कुठली हे सांगणं कठीण. त्यानंतर घासाघीस करायला माझी जीभ रेटली नाही.

लाकडी पेला, म्हणजे गुक्सी, याचंही तसंच. भूर्जाच्या खोडावर येणाऱ्या गाठीतून तो कोरतात. गाठीत लाकडाचे रेषे सरळ न जाता एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून पेला सहजी तडकत नाही. पण तशी गाठ आधी जंगलात सापडावी लागते, मग हळूहळू वाळवावी लागते. घाईत वाळवली की तडा गेलाच. त्यात कॉफी ओतून चीजचे तुकडे टाकून पितात. मला आवडली, बरोबरच्या मंडळींना अजिबात नाही.

हे सगळं सामान जंगलातून आणि रेनडिअरपासून येतं, त्यामुळे जंगल आणि कुरणं यांचा प्रश्न बाजारातल्या टेबलांपासून लांब नसतो. योकमोकजवळ गालोक इथे लोखंडाची खाण काढायला सरकारने 2022 मध्ये खाणकामाचा परवाना दिला. रेनडिअर पाळणाऱ्या सामींचा तिला वर्षानुवर्षं विरोध आहे. कळपांच्या वाटा तुटल्या तर चामडं आणि शिंग कुठून येणार, हे तिथे कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

नकली माल खूप आहे. आपल्याकडे वारली चित्रं कपांवर छापून विकतात, त्यातलं काही वारली पाड्यात पोचत नाही. सामींनी यावर 1982 पासून स्वतःचं दुओजी चिन्ह वापरायला सुरुवात केली. ते सामी कारागिराच्याच कामावर लागतं. चिन्ह बघा, आणि त्याहून चांगलं म्हणजे समोर उभ्या माणसाला विचारा, हे कुणी केलं, शिंग कुठलं. स्वतः केलं असेल तर ते भरभरून सांगतात. त्यांच्या पारंपरिक पोशाखाचा, म्हणजे गाक्तीचा, फोटो मात्र विचारल्याशिवाय काढू नका. कोण कुठल्या भागातलं हे तो पोशाख सांगतो, आणि तो दुकानात मांडलेला नसतो, अंगावर घातलेला असतो.

जायचं असेल तर स्टॉकहोमहून रात्रीची गाडी घेऊन मूरयेकला उतरा, तिथून बस मिळते. लोकरीचे कपडे थरावर थर घाला, फोन आतल्या खिशात ठेवा, नाहीतर थंडीत बॅटरी लगेच मान टाकते. राहायची सोय मात्र आदल्या उन्हाळ्यातच बघा. हॉटेलं थोडी आहेत, गावकरी घरातल्या खोल्या भाड्याने देतात आणि त्याही लवकर भरतात.