वीटभट्टीच्या फाटकावरून परत

गेल्या वर्षी जिल्हा परिषदेच्या आमच्या शाळेचा प्रभारी मुख्याध्यापक म्हणून कार्यभार माझ्याकडे आला, तेव्हा सहकाऱ्यांना प्रेरणा देणे हेही आपलेच काम आहे, असे मी जरा जास्तच मनावर घेतले. दर शनिवारी शाळा सुटल्यावर बैठक घ्यायची, एखाद्या थोर व्यक्तीचा प्रसंग सांगायचा आणि मग शाळाबाह्य मुलांच्या शोधासाठी वस्त्यांची वाटणी करायची, असा शिरस्ता ठेवला. बैठकीत माना डोलत. सोमवारी हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा तशाच असत.

एकदा बाबा आमटे यांच्याविषयी बोललो. १९४९ साली वरोऱ्याजवळ सुरू झालेले आनंदवन, १९८५ चा मॅगसेसे पुरस्कार, सगळे सांगितले. मधला एक प्रसंग मात्र, ठाऊक असूनही, गाळला. सफाई कामगारांबरोबर मैला डोक्यावर वाहणारा हा वकील एका पावसाळी संध्याकाळी गटारात पडलेल्या तुळशीराम नावाच्या कुष्ठरुग्णाला पाहून भ्याला आणि तिथून पळाला. पुढे त्या रुग्णाच्या यातनांइतकीच स्वतःची ती भीती त्यांना छळू लागली. ते परत गेले, त्याची शुश्रूषा केली आणि नंतर कलकत्त्याला जाऊन कुष्ठरोगावरील उपचार शिकून आले.

हा भाग मी का गाळला, याचे उत्तर माझ्याजवळ होते. त्याच आठवड्यात मी गावाबाहेरच्या वीटभट्टीवर गेलो होतो. दिवाळीनंतर मजुरी करायला आलेल्या कुटुंबांची मुले तिथे होती. सात-आठ वर्षांची एक मुलगी उकिडवी बसून ओल्या विटा उलटत होती, आणि तिच्या बोटांवरचा गारा वाळून भेगाळला होता. मुकादमाने दुरूनच "काय काम आहे?" म्हणून दरडावले, आणि मी रस्ता चुकल्याचे सांगून मोटारसायकल वळवली. इतरांना रोज जे करायला सांगत होतो, ते माझ्याच्याने पाच मिनिटेही झाले नव्हते.

पुढच्या बुधवारी पुन्हा गेलो. धीर आला होता असे नाही, पण ती बोटे डोळ्यांपुढून हलत नव्हती. मुकादम या वेळीही ओरडला, परंतु मुलीच्या आईशी बोलता आले. "आम्ही पावसाआधी जाणार, मास्तर, नाव घालून काय उपयोग?" हा तिचा प्रश्न रास्त होता, आणि तिथल्या तिथे मला उत्तर सुचले नाही.

त्या शनिवारी थोरांची गोष्ट सांगितली नाही. फाटकावरून पळालो होतो ते सांगितले. थोडा वेळ कुणीच बोलले नाही. मग आमच्या सर्वांत ज्येष्ठ बाई म्हणाल्या, "सर, नदीपलीकडच्या वस्तीवर जाऊन आले असे मी दोनदा लिहिले आहे, पण गेले एकदाच." वाटणीचा कागद माझ्या खिशातच राहिला. एकट्याने जायचे नाही, दोघा-दोघांनी जायचे, हे सहकाऱ्यांनीच ठरवले, आणि भट्टीसाठी बाईंनी माझ्याबरोबर स्वतःचे नाव सांगितले.