आई-बाबांचा अमेरिकेतला मुक्काम वाढवावा का?

सहा महिने बघता बघता सरतात. परतीचं तिकीट दीड महिन्यावर आलं की बहुतेक घरांत एक वाक्य हमखास येतं: "राहा की अजून दोन-तीन महिने, व्हिसा तर दहा वर्षांचा आहे." घोटाळ्याची सुरुवात या वाक्यातच आहे. पासपोर्टवरचा बी-२, म्हणजे पाहुण्यांचा व्हिसा दहा वर्षांचा असला तरी तो फक्त विमानतळाच्या दारापर्यंत यायची परवानगी देतो. आत किती दिवस राहायचं हे ठरतं आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीवर. ही नोंद आता कागदावर नसते, सीबीपीच्या (अमेरिकेच्या सीमाशुल्क आणि सीमा सुरक्षा खात्याच्या) संकेतस्थळावर असते. पासपोर्ट क्रमांक आणि जन्मतारीख टाकली की 'ॲडमिट अनटिल' तारीख दिसते. आल्या आठवड्यातच ती उघडून पाहावी, छापून ठेवावी आणि नाव, जन्मतारीख, व्हिसाचा प्रकार बरोबर आहे ना हे तपासावं. बहुधा सहा महिने मिळतात, पण अधिकारी कमीही देऊ शकतो. पासपोर्टची मुदत आधी संपत असेल तर हमखास तपासा, कारण तारीख तिथपर्यंतच दिलेली असू शकते.

आमचं मत आधीच सांगतो. ठोस आणि कागदावर दाखवता येईल असं कारण असेल तर मुदतवाढ मागावी. "अजून थोडं राहावंसं वाटतं" एवढंच कारण असेल तर वेळेवर परतून पुढच्या वर्षी पुन्हा यावं. ज्येष्ठांचा मुक्काम लांबला की त्याचा परिणाम फॉर्मच्या फीपुरता राहत नाही. पुढच्या प्रवेशावर, विम्यावर, करावर आणि भारतातल्या पेन्शनवरही तो होतो.

आधी अर्जाचं पाहू. फॉर्म आय-५३९, यूएससीआयएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या नागरिकत्व आणि स्थलांतर खात्याकडे. फी ऑनलाइन ४२० डॉलर, कागदी अर्जाला ४७०, आणि बोटांच्या ठशांची वेगळी ८५ डॉलरची फी ऑक्टोबर २०२३पासून बंद झाली आहे. आई आणि बाबा दोघांची मुदत वाढवायची असेल तर एक मुख्य अर्जदार आणि दुसऱ्यासाठी आय-५३९ए हे जोडपत्र. जोडपत्राला वेगळी फी नाही. ऑक्टोबर २०२५च्या अखेरीपासून कागदी अर्जासोबत चेक चालत नाही, कार्डाने किंवा थेट बँक खात्यातून पैसे द्यावे लागतात. जुन्या सवयीने चेक जोडला तर अर्ज तसाच परत येतो.

वेळेचं गणित सगळ्यात महत्त्वाचं. यूएससीआयएस स्वतः निदान ४५ दिवस आधी अर्ज करायला सांगतं. कायद्याच्या दृष्टीने मात्र अर्ज आय-९४ची तारीख संपण्यापूर्वी त्यांच्याकडे पोहोचलेला असावा लागतो. तुम्ही पोस्टात कधी टाकला याला अर्थ नाही. कागदी अर्जात सही राहिली, फॉर्मची जुनी आवृत्ती वापरली किंवा फी चुकली, तर अर्ज दोन-तीन आठवड्यांनी परत येतो आणि तोवर तारीख उलटून गेलेली असते. म्हणून शेवटच्या महिन्यात असाल तर ऑनलाइनच करा, पावती लगेच मिळते.

अर्जाचा जीव असतो सोबतच्या पत्रात. अधिकाऱ्याला तीन गोष्टी हव्या असतात: जास्त राहण्याचं कारण, हा मुक्काम तात्पुरताच आहे आणि परत जायची व्यवस्था झाली आहे याचा पुरावा, आणि या काळात भारतातल्या घरावर वा नोकरीवर काय परिणाम होतो. पत्र पानभर पुरे. "मुलासोबत आणखी वेळ घालवायचा आहे" असं लिहिलेलं पत्र पोकळ वाटतं. त्याउलट हे बघा: "१० ऑक्टोबरला पडून उजवं मनगट मोडलं. डॉक्टरांनी २५ नोव्हेंबरपर्यंत प्लास्टर आणि नंतर एक तपासणी सांगितली आहे, पत्र जोडलं आहे. म्हणून ३१ ऑक्टोबरऐवजी १५ डिसेंबरपर्यंत राहण्याची परवानगी मागत आहे. १२ डिसेंबरचं परतीचं तिकीट, पेन्शनचा तपशील आणि पुण्यातल्या घराचा कर भरल्याची पावती सोबत आहे." प्रत्येक वाक्याला तारीख आहे आणि प्रत्येक तारखेमागे कागद आहे. एका वेळी सहा महिन्यांपर्यंत मागता येतं म्हणून सरसकट सहा महिने मागू नका. कारणाला लागतील तेवढेच दिवस मागा. खर्च मुलगा किंवा मुलगी करणार असेल तर त्यांचं नोकरीचं पत्र आणि बँकेची विवरणपत्रं जोडा.

एका कारणाबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण बहुतेक घरांत खरं कारण तेच असतं: नातवंड सांभाळायला कुणी नाही. बाळंतपणाच्या वेळी सोबत असणं वेगळं. पण आई-बाप दोघे कामावर आणि पाळणाघराऐवजी आजी, ही व्यवस्था पाहुण्याच्या मुक्कामापेक्षा कामाकडे झुकते, आणि अधिकारी ती तशीच वाचू शकतो. कारण लपवून दुसरंच लिहायचं नाही, खोटं विधान आयुष्यभर नडतं. हेच खरं कारण असेल तर मुदतवाढ न मागता पाळणाघराची सोय लावावी.

अर्ज गेल्यावर निकालाला कित्येक महिने लागू शकतात. अनेकदा तुम्ही मागितलेली तारीख उलटते आणि निकाल आलेलाच नसतो. वेळेत केलेला खरा अर्ज प्रलंबित असताना बेकायदा मुक्काम मोजला जात नाही, पण त्या भरवशावर मागितलेल्या तारखेच्या पुढे थांबू नये. त्या तारखेच्या आत निघावं, पावती जपावी. अर्ज नामंजूर झाला तर दुसऱ्या दिवसापासून दिवस मोजले जातात: १८० दिवसांपेक्षा जास्त बेकायदा राहून बाहेर पडल्यास तीन वर्षं आणि वर्ष किंवा जास्त झाल्यास दहा वर्षं प्रवेशबंदी. आणि अर्ज न करता आय-९४ची तारीख एका दिवसानेही ओलांडली तर कायद्याच्या २२२(जी) कलमाप्रमाणे तो दहा वर्षांचा व्हिसा बाद होतो. पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, तीही भारतातूनच. मधे कॅनडा किंवा मेक्सिकोची फेरी मारून तारीख नवी होईल ही समजूतही सोडून द्या. तीस दिवसांच्या आत परतलात तर साधारणपणे जुनीच आय-९४ चालू राहते.

आता विमा, आणि इथे खरोखर लक्ष द्या. पाहुण्यांच्या विम्याची पॉलिसी बहुधा तिकिटाच्या तारखेपर्यंतच घेतलेली असते. ती संपण्याआधी वाढवली तर पॉलिसी अखंड राहते. एक दिवस जरी खंड पडला तर नवी पॉलिसी घ्यावी लागते, आणि आधीच्या काळात उद्भवलेला आजार नव्या पॉलिसीच्या दृष्टीने 'आधीपासूनचा' ठरतो. म्हणजे सप्टेंबरात छातीत दुखून तपासणी झाली असेल आणि पॉलिसी ऑक्टोबरात तुटली, तर नोव्हेंबरातला त्याच दुखण्याचा खर्च तुमच्या अंगावर येऊ शकतो. वाढवताना वयाचा टप्पा पाहा, सत्तरी आणि ऐंशी ओलांडली की बऱ्याच योजनांत भरपाईची कमाल मर्यादा घसरते.

औषधांचंही तसंच. रक्तदाबाच्या, थायरॉइडच्या गोळ्या सहा महिन्यांच्या आणलेल्या असतात. भारतातल्या डॉक्टरांची चिठ्ठी अमेरिकेतल्या फार्मसीत चालत नाही आणि कुरिअरने मागवलेली पाकिटं कस्टममध्ये अडकतात. गोळ्या संपायच्या महिनाभर आधी स्थानिक डॉक्टरांना दाखवून चिठ्ठी घ्यावी, जाताना औषधाचं मूळ रासायनिक नाव लिहून न्यावं, कारण तिथे ब्रँडचं नाव वेगळं असतं.

कराकडे फारसं कुणी बघत नाही. एका कॅलेंडर वर्षात १८३ दिवस अमेरिकेत राहिलं की कराच्या दृष्टीने तुम्ही तिथले रहिवासी ठरू शकता, व्हिसा पाहुण्याचा असला तरी. पोहोचायचा आणि निघायचा दिवस दोन्ही मोजतात. १ मे ते ३१ ऑक्टोबर म्हणजे १८४ दिवस. २९ ऑक्टोबरला निघालात तर १८२. त्याशिवाय मागच्या वर्षाचे एक तृतीयांश आणि त्याआधीच्या वर्षाचे एक षष्ठांश दिवसही मिळवतात. सलग तीन वर्षं १५० दिवस राहिलात तर १५० अधिक ५० अधिक २५, म्हणजे २२५, तेही १८३च्या वरच. चालू वर्षात १८३पेक्षा कमी दिवस असतील तर 'घरसंसार भारतात आहे' हे अमेरिकेच्या कर खात्याचा फॉर्म ८८४० भरून दाखवता येतं आणि तिथले रहिवासी ठरणं टाळता येतं. मुदतवाढीने एकाच वर्षात १८३ गाठलं की ती वाट बंद होते. मग भारतातली पेन्शन, मुदत ठेवींचं व्याज, सगळं तिथे दाखवायचा प्रश्न येतो, आणि दोन देशांमधल्या करकराराचा आधार घ्यायला जाणकाराकडे जावं लागतं. अमेरिकेत असताना उद्भवलेल्या आजारामुळे निघताच आलं नाही, ते दिवस फॉर्म ८८४३ भरून वगळता येतात. त्यासाठीही डॉक्टरांचं पत्र जपून ठेवा.

भारतातली यादी छोटी आहे पण चुकते ती इथेच. नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा असतो. जीवन प्रमाणचं चेहरा ओळखणारं ॲप फोनवर चालतं, पण त्यासाठी भारतातला मोबाइल नंबर जिवंत हवा. रिचार्ज संपून सिम बंद पडलं की बँकेचे ओटीपी थांबतात, आणि मग छोटी कामंही अडतात. तिकिटाचं पाहताना तारीख बदलायचं शुल्क आणि भाड्यातला फरक दोन्ही विचारा. तिकिटाची वैधता बहुधा वर्षभराचीच असते.

मे-जूनमध्ये आलेल्यांनी मुदत वाढवली तर मुक्काम थंडीत शिरतो. शिकागो किंवा बॉस्टनमध्ये डिसेंबरात पायऱ्यांवर पातळ, न दिसणारा बर्फ साचतो, पाचच्या आत अंधार होतो, आणि गाडी न चालवणारे आई-बाबा आठवड्याचे पाच दिवस घरात अडकतात. फोनवर ते "मजेत आहोत" म्हणतात. त्यांना एकट्यात, शांतपणे विचारा की खरंच थांबायचं आहे का.

मंजुरी आली तर आय-७९७ए पत्राच्या खालच्या भागात नवी आय-९४ असते. सीबीपीच्या संकेतस्थळावर ही नवी तारीख बहुधा दिसत नाही, म्हणून ते पत्रच जपायचं. निघाल्यावर आठवडाभराने त्याच संकेतस्थळावर प्रवासाचा इतिहास उघडून बाहेर पडल्याची नोंद झाली का ते पाहा. झाली नसेल तर बोर्डिंग पास आणि भारतात उतरल्याचा शिक्का लागतो. पुढच्या वेळी येताना हे दोन्ही, अर्जाची पावती आणि मंजुरीचं पत्र हातातल्या सामानात ठेवा. काउंटरवरचा अधिकारी मागचा मुक्काम लांब का झाला हे विचारतोच, आणि तेव्हा उत्तर दोन वाक्यांत, कागद दाखवून देता आलं पाहिजे.