सीमा ओलांडणे आणि मुदतीबाहेर राहणे

व्हिसाची मुदत संपूनही राहिलेल्या परदेशी नागरिकाला किनारपट्टीच्या एखाद्या गावात अटक झाल्याची बातमी गोव्यात नवी नाही. परंतु पुढच्या चर्चेत त्याला चोरवाटेने सीमा ओलांडणाऱ्याच्या पंक्तीत बसवले जाते, याचे मला फार वाईट वाटते. कायदा ही दोन कृत्ये वेगळी मानतो आणि त्या भेदावर माणसाच्या तुरुंगवासाची वर्षे अवलंबून असतात.

१ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या आप्रवास आणि विदेशी नागरिक कायद्यानुसार वैध पारपत्र वा व्हिसाशिवाय देशात शिरणाऱ्यास ५ वर्षांपर्यंत कारावास किंवा ५ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. रीतसर येऊन मुदतीनंतर राहणाऱ्यासाठी हीच मर्यादा ३ वर्षे आणि ३ लाखांची आहे. अमेरिकेत तर विनापरवाना पहिला प्रवेश ६ महिन्यांपर्यंतच्या शिक्षेचा सौम्य गुन्हा, हद्दपारीनंतर पुन्हा शिरणे गंभीर गुन्हा, आणि केवळ मुदतीबाहेर राहणे हा फौजदारी गुन्हाच नव्हे. त्याबद्दल देशाबाहेर पाठवले जाते.

सीमा न ओलांडताही माणूस या कायद्याच्या कचाट्यात येतो, याचे उदाहरण आपल्या गोव्यातच आहे. मुक्तीनंतर १९६२ च्या नागरिकत्व आदेशाने इथे जन्मलेले लोक भारतीय नागरिक ठरले. मात्र महिन्याभरात लेखी घोषणा करून आधीचे नागरिकत्व राखण्याची मुभा होती. गोव्यातील ख्रिस्ती धर्मगुरू फादर मोंतेरो यांनी पोर्तुगीज नागरिकत्व राखले, त्यांना तात्पुरता वास्तव्य परवाना मिळाला, त्याची मुदत १९६४ मध्ये संपली, आणि देश सोडण्याचा आदेश न पाळल्याबद्दल, स्वतःच्याच भूमीत राहिल्याबद्दल, ते विदेशी व्यक्ती म्हणून दोषी ठरले. परक्या सैन्याने ताब्यात घेतलेल्या प्रदेशातील नागरिकांना जिनिव्हा करार हद्दपारीपासून संरक्षण देतो, हा त्यांचा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये फेटाळला. गोवा भारतात सामील होताच तो लष्करी ताबा संपला, असे न्यायालयाचे म्हणणे होते. निकाल तर्कशुद्ध आहे, तरीही तो वाचताना मन जड होते.

कायदा प्रथम कागद पाहतो, हेतू नाही. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सीमेवरील पत्रादेवीहून गोव्यात शिरलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींकडेही परवानगी नव्हती आणि पोर्तुगीज सत्तेने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. हेतूला कायद्यात जागा मिळाली ती १९५१ च्या निर्वासितविषयक करारातील ३१ व्या कलमाने: जिवाला वा स्वातंत्र्याला धोका असलेल्या प्रदेशातून थेट आलेला निर्वासित विनाविलंब अधिकाऱ्यांसमोर हजर झाला आणि त्याने सबळ कारण दाखवले, तर बेकायदा प्रवेशाबद्दल त्याला शिक्षा करू नये. भारताने या करारावर सही केलेली नाही. नव्या कायद्याखालील सूट सरकारी आदेशाने दिली जाते. उदाहरणार्थ, धार्मिक छळामुळे अफगाणिस्तान, बांगलादेश आणि पाकिस्तानातून ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती व्यक्तींना ती मिळाली आहे. छळामुळेच कागदपत्रांविना आलेला, पण अशा कोणत्याही सवलतीत न बसणारा माणूस मात्र आजही ५ वर्षांच्या कलमाखालीच येतो.