अकरा थांबे, एक नदी

पहाटे साडेपाचला गाडी काढली तेव्हा नदी दिसतच नव्हती. पात्रावर धुकं इतकं दाट की पलीकडचा काठ फक्त झाडांच्या शेंड्यांवरून ओळखायचा. रात्री गार झालेली जड हवा दरीत उतरून साचते, त्यामुळे प्रत्येक उतारावर बोटं बधिर होत होती. हेल्मेटची काच बोटभर उघडी ठेवली, नाहीतर श्वासाने ती आतून धूसर होते.

नदीकाठचा रस्ता सरळ जायचं नावच घेत नाही, आणि त्यासाठीच तो मला इतका प्रिय आहे. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाणी जोरात धावतं, काठ कापत जातं. आतल्या अंगाला संथावतं आणि वाळू टाकतं. मग तिथे पांढरी पुळण तयार होते, बगळे उभे असतात. रस्ताही नदीच्याच लयीत वळतो. डावीकडे झुकायचं तर डावं हँडल हलकेच पुढे ढकलायचं, नजर वळणाच्या टोकावर. जिकडे नजर तिकडे गाडी, म्हणून पाणी बघायचं ते थांबूनच. दिवसभरात अकरा वेळा थांबले.

पुलावर आडवा वारा अंगावर आला. खांदे सैल सोडले, गाडी आपोआप सावरली.

परतताना शेवटच्या वळणावर इंजिन बंद केलं. तापलेल्या सायलेन्सरची टिकटिक मंदावत गेली आणि पाण्याचा आवाज वर आला. अंधार पडेपर्यंत तिथून हलले नाही.