न्यूग्रेंजच्या झरोक्यातली तिरीप

आयर्लंडच्या प्राचीन संस्कृतीविषयी वाचताना मी दर वेळी न्यूग्रेंजपाशीच रेंगाळतो. समुद्रमार्गे गुरे आणि बियाणे घेऊन आलेल्या शेतकऱ्यांच्या वंशजांनी इ.स.पू. ३२०० च्या सुमारास, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांच्याही आधी, बॉइन नदीच्या खोऱ्यात हे टेकाडाखालचे समाधिस्थळ उभारले. वर्षातील सर्वांत लहान दिवसाच्या पहाटे दारावरच्या झरोक्यातून शिरलेली सूर्याची तिरीप सुमारे १९ मीटर लांबीच्या अरुंद वाटेने सरकत थेट आतल्या दालनात पोहोचते, आणि त्या माणसांचे हे आकाशज्ञान मला खरोखर भारावून टाकते. इ.स.पू. २४०० च्या आसपास नव्या वसाहतकारांबरोबर तांबे गाळण्याची विद्या आली. किलार्नीजवळ रॉस आयलंडला खाणी सुरू झाल्या. पुढे आयरिश भाषेत कथा सांगणाऱ्यांनी न्यूग्रेंजच्या याच टेकाडाला दाग्दा आणि त्याचा मुलगा एंगस या देवांचे घर मानले.