१९२३ चं नोटगेल्ड: रकमेची लावणी मोडून तारखेची

नोटगेल्ड म्हणजे जर्मनीत गावांनी, रेल्वेने वगैरे काढलेल्या तात्पुरत्या नोटा; १९२३ मध्ये तिथे मार्कची किंमत दिवसागणिक कोसळत होती. गठ्ठ्यातल्या ११२ पैकी ७१ नोटा जागेवर बसल्या. आधीची लावणी रकमेप्रमाणे होती, ती पूर्ण मोडली. १ ऑगस्टचे १० लाख मार्क आणि १ नोव्हेंबरचे १०,००० कोटी मार्क, दोन्हींची किंमत एका डॉलरच्या जरा खाली येते. मग नुसत्या शून्यांवरून कळणार काय?

अल्बमच्या पहिल्या पानावर भावाची पट्टी लावली आहे. एका डॉलरला: १ ऑगस्ट सुमारे ११ लाख मार्क, १ ऑक्टोबर सुमारे २४ कोटी, १ नोव्हेंबर सुमारे १३,००० कोटी, २० नोव्हेंबर ४.२ लाख कोटी. नवी नोट आली की आधी तारीख वाचायची, मग पट्टी. ऑगस्टची तारीख आणि रक्कम १०० अब्ज असा मेळ दिसला, तर बहुधा जुन्या नोटेवर नंतर वाढीव रकमेचा छापा मारलेला असतो. छापा खरा की हल्लीचा, हा पुढचा प्रश्न. मूळ नोट स्वस्त असली आणि छाप्यामुळेच भाव चढत असला, तर भिंगाखाली शाई तपासल्याशिवाय घेऊ नये.

नावांचा घोळ सर्वांत महागात पडतो. जर्मन 'मिलिआर्ड' म्हणजे १ अब्ज, 'बिलिओन' म्हणजे १ लाख कोटी. अमेरिकी विक्रेत्याचा बिलियन मात्र १ अब्जाचा. फरक हजारपट! म्हणून पाकिटावर रक्कम लाख-कोटीतच लिहितो. आपल्या मोजणीत गोंधळाला जागा नाही.

गावाचं नाव फ्राक्टुर या जुन्या, टोकदार जर्मन लिपीत असतं. लांब 'एस' हा 'एफ'सारखा दिसतो, 'के' आणि 'टी' एकमेकांत मिसळतात, मोठे 'बी' आणि 'व्ही' तर जुळे भाऊ. नॉयश्टाट एक नाही: हार्ट डोंगराजवळचं वेगळं, ओर्ला नदीवरचं वेगळं, कोबुर्गजवळचं वेगळं. नावाच्या शेपटीवर किंवा शिक्क्यात जिल्हा सापडेपर्यंत केलर (नोटगेल्डची सूची) क्रमांक टाकायचा नाही. रेल्वेच्या 'राइख्सबान' नोटा गावांच्या ढिगात घुसतात, त्या बाजूला काढल्या.

वर्षअखेरच्या गोल्डमार्क (सोन्याच्या भावाशी बांधलेला मार्क) नोटांनाही वेगळं पान. ४.२० गोल्डमार्क म्हणजे १ डॉलर. आकडा लहान पाहून नवशिका ती १९२०-२२ च्या रंगीत फेनिगमालिकेत (फेनिग म्हणजे मार्कचा शंभरावा भाग) सरकवतो. त्या मालिका बऱ्याचशा संग्राहकांसाठीच छापलेल्या, म्हणून तर इतक्या कोऱ्या मिळतात.

३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च अंधारात मारावा. कागद निळसर-पांढरा झगमगला तर सोडून द्या. कागद उजळवणारी ती रसायनं दुसऱ्या महायुद्धानंतरची. नुसता झगमगाट नाही म्हणून नोट अस्सल, असंही नव्हे.

घड्यांवर इस्त्री नको, उठावाचा शिक्का सपाट होतो. आम्लमुक्त कागदांमध्ये ठेवून वर वजन, दोन-तीन दिवस. धुणं तर नकोच: जांभळ्या शिक्क्याची शाई पाण्यात पसरते. पाकिटं पॉलिएस्टरची घ्यावीत. पीव्हीसी काही वर्षांनी चिकट होतं. लगद्याचा हा आम्लयुक्त कागद आधीच ठिसूळ, त्यात कोकणातला पावसाळा असेल तर हवाबंद डब्यात सिलिका जेल हवंच आणि ते दर महिन्याला बदलायला हवं.

उरलेल्या ४१ पैकी १४ नोटांवर काढल्याची तारीख नाही, फक्त वैधतेची मुदत आहे. त्या मुदतीवरून महिना धरून पेन्सिलीने प्रश्नचिन्ह ठेवलं आहे, पाकिटावर, नोटेवर नव्हे.